मोटार आडवी घसरते तेव्हा : स्टिअरिंगवरील नियंत्रणाचे तंत्र

हिमाचल प्रदेशात मनाली आणि लाहौल खोरे यांना जोडणारा ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाला. त्याआधी रोहतांग खिंड हिवाळ्यात बंद होत असल्याने मैदानी प्रदेशातील वाहने त्या दिवसांत सोलंगच्या पुढे सहसा जात नसत. आता मात्र दिल्ली, पंजाब, गुजरात, महाराष्ट्र अशा राज्यांतील मोटारी ऐन बर्फवृष्टीतही बोगद्यापर्यंत पोहोचतात. डिसेंबर २०२४ मध्ये अचानक झालेल्या बर्फवृष्टीने सोलंग ते बोगदा या पट्ट्यात शेकडो वाहने अडकून पडली होती. दर हिवाळ्यात या रस्त्यावरील जी दृश्ये दूरचित्रवाणीवर दिसतात, त्यांतील बहुतेकांमध्ये एक गोष्ट समान असते. चालकाने ब्रेक घट्ट दाबून धरलेला असतो, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवलेले असते, चाके फिरत नसतात आणि तरीही मोटार आपल्याच संथ गतीने उताराकडे आडवी सरकत राहते.

अशा वेळी स्टिअरिंग नादुरुस्त नसते, ब्रेकही नाही. फिरणारा टायरच मोटारीला वळवू शकतो. थांबलेले चाक डावीकडे वळवले काय किंवा उजवीकडे, घसरणाऱ्या वाहनाच्या दृष्टीने त्यात फारसा फरक राहत नाही. घसरण आवरण्याच्या सर्व तंत्रांचा पाया हा आहे. ही तंत्रे शब्दांत सोपी आहेत, पण ती अमलात आणण्यासाठी मिळणारा वेळ बहुधा एखाद्या सेकंदापेक्षा जास्त नसतो.

पकडीचे गणित

मोटार कितीही जड असली तरी तिचा रस्त्याशी संबंध येतो तो चार टायरांच्या चार ठशांपुरता. यातील प्रत्येक ठसा साधारण तळहाताएवढा असतो. वेग वाढवणे, कमी करणे आणि वळणे ही तिन्ही कामे या ठशांतील घर्षणाच्या बळावर होतात. घर्षणाची ही शिल्लक मर्यादित असते. ती सगळी ब्रेक लावण्यात खर्च झाली, तर वळण्यासाठी काही उरत नाही. वळणावर सगळी खर्ची पडलेली असताना ब्रेकवर जोराने पाय पडला, तर खाते एका क्षणात रिकामे होते.

कोरड्या डांबरी रस्त्यावर घर्षणाचा गुणांक साधारणपणे ०.८ च्या आसपास असतो. ओल्या रस्त्यावर तो ०.४ ते ०.६ पर्यंत उतरतो, चाकांखाली दाबल्या गेलेल्या बर्फावर ०.२ ते ०.३ आणि गोठलेल्या पाण्याच्या गुळगुळीत थरावर ०.१ किंवा त्याहूनही कमी. या आकड्यांचा अर्थ प्रत्यक्ष वळणावर काय होतो, ते पाहण्याजोगे आहे. ५० मीटर त्रिज्येच्या सपाट वळणावर कोरड्या रस्त्यावर मोटार ताशी सुमारे ७१ किलोमीटर वेगापर्यंत पकड टिकवू शकते. गुणांक ०.४ इतका असेल तर ही मर्यादा ५० किलोमीटरवर येते आणि गोठलेल्या रस्त्यावर २५ वर. थांबण्याचे अंतर तर याहून विषम आहे. ताशी ४० किलोमीटर वेगातील मोटार ब्रेक लागल्यानंतर कोरड्या रस्त्यावर आठ मीटरमध्ये थांबू शकते. गोठलेल्या रस्त्यावर तिला ६३ मीटर लागतात, तेही रस्ता सपाट असेल तर.

रस्त्याला दहा मीटरला एक मीटर असा उतार असेल आणि त्यावर गोठलेल्या पाण्याचा थर असेल, तर उभी केलेली मोटारही आपोआप सरकू शकते. तिथे चालकाचे कौशल्य चालत नाही. सोलंगच्या वरच्या उतारांवर स्थानिक चालक चाकांना साखळ्या बांधतात, त्याचे कारण हेच. साखळ्या ज्या चाकांना इंजिनाची शक्ती मिळते त्या चाकांवर असाव्या लागतात. मात्र पुढच्या चाकांवरच साखळ्या असलेली मोटार उतरताना तिचा मागचा भाग साखळीविना, म्हणजे मोकळाच राहतो, याचा विसर पडून चालत नाही.

पुढची घसरण आणि मागची घसरण

वळणावर मोटार दोन प्रकारे घसरते. पहिल्या प्रकारात पुढच्या टायरांची पकड सुटते. स्टिअरिंग वळवलेले असते, पण मोटार वळणाबाहेर सरळ जाऊ पाहते. याला अंडरस्टिअर म्हणतात. स्टिअरिंग एकाएकी हलके लागणे ही त्याची खूण होय. दुसऱ्या प्रकारात मागच्या टायरांची पकड सुटते, मोटारीचा मागचा भाग वळणाच्या बाहेरच्या बाजूस फेकला जातो आणि तोंड आतल्या बाजूस वळते. हा ओव्हरस्टिअर. आडवी घसरण म्हणून जिचे वर्णन केले जाते, ती बहुधा ही दुसरी.

पुढची घसरण झाली की हात आपसूक स्टिअरिंग आणखी वळवतात. मोटार वळत नाही, तेव्हा अधिक वळवावे, असा हा विचार नैसर्गिक असला तरी चुकीचा आहे. टायर ज्या दिशेला रोखलेला असतो आणि प्रत्यक्षात ज्या दिशेला जातो, त्या दोहोंत वळताना थोडा कोन पडतो. त्याला स्लिप अँगल म्हणतात. हा कोन वाढत जातो तशी वळवण्याची शक्तीही वाढते, पण कोरड्या रस्त्यावर साधारण सहा ते दहा अंशांपर्यंतच. त्यापुढे कोन वाढला की पकड उलट घटू लागते. म्हणून अशा वेळी अॅक्सिलरेटरवरून पाय अलगद उचलावा आणि स्टिअरिंग थोडे सैल, म्हणजे सरळ करावे. वळणातून बाहेर फेकले जात असताना स्टिअरिंग सरळ करणे जिवावर येते, हे खरेच. परंतु पूर्ण वळवलेल्या चाकांना पुढे कोरडा पट्टा लागून अचानक पकड मिळाली, तर मोटार आतल्या बाजूस झेप घेते, आणि घाटात आतल्या बाजूस कातळ असतो.

मागची घसरण आवरण्याचा नियम इंग्रजी पुस्तकांतून सर्वत्र पसरला आहे : घसरण्याच्या दिशेने स्टिअरिंग वळवा. हे वाक्य वाचून अनेकांचा गोंधळ होतो, कारण घसरण्याची दिशा म्हणजे तोंडाची की पाठीची, हे त्यातून कळत नाही. घाटातील डाव्या वळणाचे उदाहरण घेता येईल. मागचा भाग उजवीकडे फेकला गेला आहे, तोंड गरजेपेक्षा जास्त डावीकडे, डोंगराकडे वळले आहे. अशा वेळी स्टिअरिंग उजवीकडे वळवायचे, म्हणजे ज्या बाजूला मागचा भाग गेला त्याच बाजूला. याला काउंटर स्टिअरिंग म्हणतात. यापेक्षा सोपी सांगण्याची पद्धत अशी की, मोटारीचे तोंड कुठेही असो, पुढची चाके जिकडे जायचे आहे त्या रस्त्याकडे रोखलेली राहिली पाहिजेत.

येथे दृष्टीचा भाग मोठा आहे. हात डोळ्यांच्या मागे जातात. घसरताना चालकाची नजर कठड्यावर, झाडावर किंवा समोरून येणाऱ्या मालमोटारीवर खिळली, तर स्टिअरिंगही तिकडेच झुकते. नजर मोकळ्या रस्त्यावर ठेवणाऱ्या चालकाला उजवे की डावे हा प्रश्न सहसा पडतच नाही. अननुभवी चालकाचीही दिशा फारशी चुकत नाही. चुकते ते प्रमाण आणि त्याहून अधिक, वेळ.

प्रमाणाचा हिशेब करता येतो. मोटार आपल्या मार्गाशी दहा अंशांनी आडवी झाली असेल, तर पुढची चाके सरळ मार्गाकडे रोखण्यासाठी तीही सुमारे दहा अंश वळवावी लागतात. सामान्य मोटारीत स्टिअरिंग साधारण १५ अंश फिरवले की चाक एक अंश वळते. याचा अर्थ स्टिअरिंगला १५० अंशांचा, जवळपास अर्ध्या फेऱ्याचा हिसका हवा. घड्याळातील नऊ आणि तीन या आकड्यांच्या जागी दोन्ही हात असतील, तर हात न सोडता एवढे फिरवता येते. घसरण २० अंशांवर गेली की ३०० अंश लागतात आणि मग हात बदलावे लागतात. एका हाताने, तळव्याने स्टिअरिंग फिरवण्याची सवय असलेल्या चालकाला अशा वेळी चाके नेमकी कुठे रोखली आहेत, याचा अंदाज राहत नाही. ताशी ८० किलोमीटर वेगात मोटार एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. पहिल्या दहा अंशांतच घसरण ओळखणे यालाच म्हणून महत्त्व आहे. ती डोळ्यांआधी पाठीला आणि कमरेला कळते. आसन बाजूला ओढले जात असल्याची जाणीव ही तिची पहिली सूचना होय.

पायांचे काम मोटारीच्या रचनेवर अवलंबून असते. अॅम्बेसिडर आणि प्रीमियर पद्मिनी यांच्या मागच्या चाकांना इंजिनाची शक्ती मिळे. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० ने पुढच्या चाकांना शक्ती देणारी रचना घरोघरी नेली आणि आज बहुतेक लहान मोटारी त्याच रचनेच्या आहेत. बोलेरो, स्कॉर्पिओ, इनोव्हा क्रिस्टा यांसारख्या वाहनांत मात्र जुनीच पद्धत कायम राहिली. मागच्या चाकांच्या वाहनात जास्त अॅक्सिलरेटर दिल्याने मागचा भाग घसरला असेल, तर पाय हलकेच कमी करावा. पुढच्या चाकांच्या मोटारीत पाय एकदम काढणे हेच घसरणीचे कारण असू शकते, कारण त्याने भार पुढे जातो आणि मागचे टायर हलके होतात. तिथे अॅक्सिलरेटर किंचित कायम ठेवणे उपयोगी पडते. ब्रेकवर जोराने पाय मारणे दोन्ही प्रकारांत वाईट. निसरड्या उतारावर खालचा गिअर टाकून क्लच झटक्याने सोडणे हेही ब्रेक मारण्यासारखेच आहे.

दुसरा हेलकावा

मागची घसरण पहिल्या प्रयत्नात आवरली, असे वाटत असतानाच पुष्कळ अपघात होतात. उजवीकडे वळवलेल्या स्टिअरिंगने मागचा भाग थांबतो, टायर पुन्हा रस्ता धरतात आणि दाबलेल्या स्प्रिंग मोकळ्या होतात. त्याच क्षणी पुढची चाके अजून उजवीकडेच असतील, तर मोटार उजवीकडे उसळते आणि मागचा भाग आता डावीकडे फेकला जातो. हा दुसरा हेलकावा पहिल्यापेक्षा मोठा असतो, कारण त्यात पहिल्याचा वेग मिळालेला असतो. आपल्याकडील रस्त्यांवर त्याची परिणती समोरच्या वाहनांच्या मार्गिकेत शिरण्यात होते.

त्यावरचा उपाय प्रशिक्षक तीन टप्प्यांत सांगतात : दुरुस्ती, क्षणभर विराम आणि परत. स्टिअरिंग उलट बाजूस वळवायचे, मागचा भाग आणखी फेकला जाणे थांबले की क्षणभर तसेच धरायचे आणि तो परतू लागताच स्टिअरिंगही सरळ करत आणायचे. मोटार पूर्ण सरळ होण्याची वाट पाहिली की उशीर झालेलाच असतो. या तीन टप्प्यांत परत आणणे सर्वात कठीण आणि सर्वात कमी शिकवले जाणारे आहे. दुसरा हेलकावा आलाच, तर तीच क्रिया विरुद्ध बाजूस, पण अधिक चपळाईने करावी लागते.

काही वेळा घसरण आवरण्यापलीकडे जाते. बहुतेक मोटारींची पुढची चाके ३५ ते ४० अंशांपेक्षा जास्त वळत नाहीत. मोटार त्याहून अधिक आडवी झाली, की उलट वळवायला स्टिअरिंगच उरत नाही आणि ती गरकन फिरते. अशा वेळी क्लच आणि ब्रेक दोन्ही पूर्ण दाबावेत. मोटार फिरत राहिली तरी ती साधारण एकाच सरळ रेषेत सरकते आणि वेग घटतो. ब्रेक मध्येच सोडल्यास टायरांना त्या क्षणी जी दिशा मिळेल तिकडे ती झेपावते.

बर्फाळ उतारावर मात्र हाच ब्रेक क्षणभर सोडावा लागतो. चाके थांबली असतील आणि मोटार दरीच्या बाजूस सरकत असेल, तर ब्रेक सैल केल्यावर चाके फिरू लागतात व स्टिअरिंगला थोडा प्रतिसाद मिळतो. वेग वाढतो, ही त्याची किंमत. त्या थोड्या प्रतिसादाचा उपयोग मोटार डोंगराकडील बाजूस, साचलेल्या भुसभुशीत बर्फात नेऊन टेकवण्यासाठी करायचा असतो.

पावसाळी रस्ते

बर्फाचा अनुभव देशातील मोजक्याच चालकांना येतो, पावसाचा सर्वांना. पहिल्या पावसात रस्त्यावरील धूळ, तेल आणि टायरांच्या रबराचे कण यांचा पातळ चिखल होतो. सलग दोन-तीन दिवस पाऊस झाल्यावर हा थर धुऊन जातो. कोकणातील घाटांत डोंगरउतारावरून वाहून आलेली लाल माती आणि कुजलेली पाने हंगामभर निसरडेपणा टिकवून ठेवतात.

द्रुतगती मार्गांवरील धोका निराळा आहे. रस्त्यावर साचलेले पाणी टायरच्या खाचांतून बाहेर पडण्यास वेळ मिळाला नाही, तर टायर पाण्यावर तरंगू लागतो. अमेरिकेतील नासाच्या लँग्ली केंद्रातील संशोधकांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी विमानांच्या टायरांवर प्रयोग करून या वेगाचे सूत्र मांडले. तो टायरमधील हवेच्या दाबाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असतो. ३० पौंड दाबासाठी हा वेग ताशी सुमारे ९१ किलोमीटर येतो, तर २५ पौंडांसाठी ८३. हवा कमी ठेवल्यास पावसात पकड वाढते, हा चालकांमधील समज पाणी साचलेल्या रस्त्यावर नेमका उलटा ठरतो. टायर झिजलेला असेल, तर मोटार याहून कमी वेगातही तरंगू शकते.

मोटार पाण्यावर तरंगत असताना स्टिअरिंगने काहीही करू नये. ते सरळ धरून अॅक्सिलरेटरवरून पाय हलका करणे, एवढेच करण्यासारखे आहे. या अवस्थेत वळवलेल्या चाकांना पाणी संपताच पकड मिळते आणि मग पूर्वी सांगितलेला हेलकावा सुरू होतो.

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटारीच्या टायरवरील खाचांची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. नव्या टायरमध्ये ती साधारण ८ मिलिमीटर असते. रस्त्यावर मात्र ‘गोटा’ झालेले टायर सर्रास दिसतात. आणखी एक गैरसमज कारागिरांमध्येही आढळतो. दोनच नवे टायर घेतले, तर ते पुढे बसवण्याचा प्रघात आहे, कारण पुढची चाके वळतात आणि लवकर झिजतात. टायर कंपन्यांची शिफारस याविरुद्ध, म्हणजे नवे टायर मागे बसवण्याची आहे. पुढचे टायर घसरले तर वेग कमी करून मोटार सावरता येते. मागचे घसरले तर वर वर्णन केलेले सारे कसब लागते.

यंत्रणांची मदत

चाके थांबू न देता ब्रेक लावणारी एबीएस ही इलेक्ट्रॉनिक यंत्रणा १९७८ मध्ये मर्सिडीझच्या मोटारींत आली. भारतात मोटारींच्या नव्या मॉडेलना एप्रिल २०१८ पासून आणि सर्व नव्या मोटारींना एप्रिल २०१९ पासून ती सक्तीची झाली. ही यंत्रणा असलेल्या मोटारीत ब्रेक पूर्ण दाबून स्टिअरिंगही वळवता येते. त्याआधीच्या अनेक मोटारी तिच्याविना अजूनही रस्त्यावर आहेत. त्यांच्या चालकाला चाके थांबल्याचे जाणवताच ब्रेक सैल करणे स्वतःच करावे लागते.

आडव्या घसरणीवरचा खरा उपाय १९९५ मध्ये आला. इलेक्ट्रॉनिक स्टेबिलिटी कंट्रोल म्हणजे ईएससी ही यंत्रणा स्टिअरिंग किती वळवले आहे आणि मोटार प्रत्यक्षात किती वेगाने फिरत आहे, याची सतत तुलना करते. मागचा भाग घसरू लागला, की ती वळणाच्या बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकाला, तर पुढचा भाग घसरू लागला की आतल्या बाजूच्या मागच्या चाकाला ब्रेक लावते. एकाच चाकाला वेगळा ब्रेक लावण्याची सोय कोणत्याही कुशल चालकाच्या पायाखाली नसते. १९९७ मध्ये स्वीडनमधील एका मोटारविषयक नियतकालिकाच्या चाचणीत रस्त्यावर अचानक आलेला प्राणी चुकवण्याच्या वळणात मर्सिडीझची ए-क्लास ही मोटार उलटली आणि कंपनीने त्यानंतर त्या मोटारीत ही यंत्रणा सरसकट बसवली. एकट्या वाहनाच्या प्राणघातक अपघातांचा धोका ईएससीमुळे सुमारे निम्म्याने कमी होतो, असा अमेरिकेतील अनुभव आहे. युरोपीय संघात नोव्हेंबर २०१४ पासून सर्व नव्या मोटारींत ती सक्तीची आहे. भारतात ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘भारत एनकॅप’ सुरक्षा मानांकनात तीन किंवा अधिक तारे मिळवण्यासाठी ती आवश्यक ठरवण्यात आली.

ही यंत्रणा चालकाचा हेतू स्टिअरिंगवरूनच ओळखते. भीतीने हात सोडून देणाऱ्या किंवा चुकीच्या बाजूला वळवणाऱ्या चालकाला ती योग्य मार्ग शोधून देऊ शकत नाही. पकड मुळातच ०.१ असेल, तर ती वाढवणेही तिच्या आवाक्याबाहेरचे आहे.

प्रशिक्षणाचा प्रश्न

भारतात वाहन परवान्याच्या चाचणीत निसरड्या पृष्ठभागावरील नियंत्रणाचा समावेश नाही. तो करावा, अशी सूचना वरकरणी योग्य वाटते. उत्तर युरोपातील देशांनी हा मार्ग पूर्वीच धरला. नॉर्वेने १९७९ मध्ये नव्या चालकांसाठी निसरड्या मैदानावरील सराव सुरू केला. तेथील १९८८ च्या अभ्यासात मात्र तरुण पुरुष चालकांचे निसरड्या रस्त्यांवरील अपघात घटण्याऐवजी वाढल्याचे आढळले. काही तासांच्या सरावातून कौशल्य फारसे पक्के होत नाही, पण आपण मोटार आवरू शकतो हा विश्वास पक्का होतो आणि वेग वाढतो, असे त्याचे स्पष्टीकरण देण्यात आले. मोंटे कार्लो रॅलीतील टिमो मॅकिनेन किंवा राउनो आल्टोनेन यांच्यासारखे फिनलंडचे चालक १९६० च्या दशकात छोट्या मिनी कूपर मोटारी मुद्दाम आडव्या घसरवत नेत, ते वर्षानुवर्षांच्या बर्फावरील सरावाच्या बळावर, आणि रॅलीसाठी बंद केलेल्या रस्त्यांवर.

स्वीडनमध्ये १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तरुण चालकांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला ब्रेक लावून अडथळा चुकवण्याचे कसब शिकवले, दुसऱ्याला अशा वेळी आपल्या मर्यादा काय आहेत याची जाणीव करून दिली. नंतरच्या चाचणीत दोन्ही गटांची प्रत्यक्ष कामगिरी सारखीच होती. कसब शिकलेल्या गटाने मात्र स्वतःबद्दलचा अंदाज कितीतरी जास्त बांधला होता. १९९९ पासून तेथील सक्तीच्या निसरड्या-रस्ता प्रशिक्षणाचा भर बदलण्यात आला. मोटार कशी सावरावी यापेक्षा कोणत्या वेगानंतर ती सावरत नाही, हे शिकाऊ चालकाला स्वतः स्टिअरिंग धरून अनुभवू देण्यावर तो भर आहे.